भुयारातली कमळं

"जिथं मान आपसूक वर जाईल, तिथं चपला बाहेर काढायच्या. अन् बघितलेलं मला येऊन दाव. नुस्तं सांगू नको!"

रतनबाई घाटनांदूरहून पुण्याला निघाल्या, तेव्हा खाटेला खिळलेल्या सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, बजावलं होतं. रतनबाईंनी "व्हय" म्हटलं होतं. दिलेला शब्द त्या चातुर्मासातल्या नेमासारखाच पाळत. यंदाचा नेम दारात रोज कमळाची रांगोळी काढायचा होता.

पुण्यात भाचा प्रवीण त्यांना भुयारी मेट्रो दाखवायला घेऊन गेला. तो तिकिटं काढत होता, तोवर रतनबाईंनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली डोकावलं आणि त्यांचे हात जोडले गेले. खाली खांब वर येता येता कमळासारखे उमलले होते. पाकळीला पाकळी भिडून छत झालं होतं आणि दिवा कुठंच दिसत नसताना उजेड झिरपत होता. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

खाली त्या खांबाखांबाला हात लावून पाया पडत चालल्या.

"मावशे, गाडी गेली ना!"

"जाऊ दे की. जमिनीच्या पोटात एवढं आभाळ! लई मोठ्या हाताचं काम हाय रे."

"थांब, घाटनांदूरच्या आज्जीसाठी फोटो काढतो..."

तेवढ्यात शिट्टी वाजली.

वर भलतंच झालं होतं. रतनबाईंच्या चपला पाहून मागच्या दोन बायकांनी आपल्याही काढल्या. त्यांच्या पाहून कॉलेजच्या पोरांनी बूट काढले. ढिगानं जिन्याचं तोंडच अडवलं.

"मावशी, हे स्टेशन आहे, देऊळ नाही!" गार्ड धावत खाली येऊन ओरडला.

"मग वर बघा की, दादा."

गार्डनं वैतागून वर पाहिलं. नोकरीला लागल्यापासून त्यानं फक्त पिशव्याच पाहिल्या होत्या. शिट्टी तोंडातच राहिली. मग भानावर येऊन त्यानं दोघांना वर पिटाळलं. फोटो राहिला आणि त्या गोंधळात रतनबाईंच्या चपलाही गेल्या.

प्रवीणच्या ढगळ चपला फटाफटा वाजवत त्या घाटनांदूरला घरी पोचल्या.

"ह्या कुणाच्या गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"भाच्याच्या. माज्या टेसनात चोरीला गेल्या."

"बाहेर काढून ठेवलेल्या चपला गेल्या? म्हंजे देऊळच की ते!" मुक्ताबाई हरखल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् मला दावणार हुतीस ते?"

रतनबाई उठल्या. त्यांनी खाट दाराशी ओढली, रांगोळीचा डबा घेतला आणि सारवलेल्या अंगणात पहिल्या खांबाचा ठिपका ठेवला.