शालिकभाऊंची पाहणी

बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून शालिकभाऊ आतापर्यंत तीनदा केरळला जाऊन आले. तिन्ही वेळा एकटे.

चंद्रपुरात मी त्यांचा शेजारी. तिन्ही रिझर्वेशनं माझ्याच हातून झाली, तेव्हा या पापात माझाही वाटा आहेच. भाऊ कोळशाच्या खाणीत मायनिंग सरदार होते. कामगार आत जाण्याआधी सरदाराने पुढे जायचं, काठीने छत ठोकून आवाज ऐकायचा, गॅस बघायचा आणि वहीत ‘ठीक’ लिहून सही करायची. मगच बाकीच्यांनी पाऊल टाकायचं. निवृत्तीनंतरही भाऊंची ती सवय गेली नाही. भाचीच्या लग्नात ते मांडवाचा एकेक बांबू ठोकत फिरले आणि वरात चंद्रपूरच्या उन्हात बाहेर ताटकळली. कोणी घाई केली की एकच वाक्य, ‘‘थांबा, आधी मले पाहू द्या.’’

त्यांच्या बायकोची, पंचफुलाबाईंची नजर साखरेच्या आजाराने उतरत चालली होती. ती फार तर दोन वर्षं टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी आयुष्यात एकच हट्ट केला, नजर आहे तोवर समुद्र बघायचा. भाऊ लगेच टूरवाल्या मॅडमकडे गेले. ‘‘तुम्हाला हवी तशी कस्टमाइज टूर करून देऊ,’’ असं त्या बोलून बसल्या आणि फसल्या. भाऊंनी प्रत्येक दिवसाची पहिली पाळी, दुसरी पाळी अशी आखणी मागितली. हाऊसबोटीतून बाहेर पडायच्या वाटा किती, हेही विचारलं. मॅडमनी चार वेळा आराखडा बदलला, तरी भाऊंचं समाधान होईना. शेवटी ते स्वतःच पाहणीला निघाले.

पहिल्या खेपेला हॉटेलच्या पायऱ्या नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला होडीत चढायची फळी. दर वेळी नवी आखणी, नवा हंगाम, आणि मधले महिने फुकट. आम्ही गल्लीतले लोक पोट धरून हसायचो. बाई हसायच्या नाहीत, आणि त्यांना अडवायच्याही नाहीत.

त्याचं कारण एकदा भाऊंनीच सांगितलं, बाजारातून येताना, भाजीची पिशवी हातात धरून. नोकरीत असताना एका दिवशी घाईत त्यांनी एका कोपऱ्याचं छत न ठोकताच ‘ठीक’ लिहिलं होतं. त्या छताखाली पंचफुलाबाईंचा धाकटा भाऊ गेला. एवढं सांगून भाऊ लगेच वांग्यांबद्दल बोलायला लागले.

तिसऱ्या पाहणीत सगळं पास झालं. भाऊ परत आले त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता बाईंना उजेड-अंधार तेवढा कळेल.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘तुमी तं पाह्यला ना समुद्र. कसा हाये, सांगा.’’

भाऊंनी वही उघडली. पायऱ्या चौदा. कठडा उजव्या हाताला. न्हाणीतली फरशी निसरडी. दवाखाना जवळ. ते पानं उलटत राहिले. समुद्रावर एक ओळ नव्हती. तीनदा किनाऱ्यावर जाऊन हा माणूस पायाखालची वाळू दाबून बघत होता. त्यांच्यावर इतके दिवस हसल्याची मला फार लाज वाटली.

‘‘पाह्यलाच नाई वं,’’ भाऊ म्हणाले. ‘‘मी खालतंच पाहून राह्यलो होतो.’’

आता बाईंचं साठलेलं सगळं बाहेर पडणार, भावाचंसुद्धा, असं मला वाटलं. पडलं असतं तरी त्यांना कोण नावं ठेवणार होतं? त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि भाऊंच्या मांडीवरची वही मिटवली.

‘‘चला मंग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तं दोघायनंबी नाई पाह्यला. तुमी समोर पाहा अन् मले सांगा. खालतचं मी पायानं पाहून घेईन.’’