नुसतं बघायचं, बोलायचं नाही

संध्याकाळचे सात वाजले, की बच्चूच्या लॅपटॉपवर एक छोटंसं चक्र फिरायला लागायचं आणि बच्चू त्याच्याकडे बघत बसायचा. बच्चूचं वय सेहेचाळीस. डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, उरलेले जायच्या तयारीत. पण घरात तो आणि आई दोघंच, आणि आईने हाक बदलली नाही, तेव्हा बच्चू तो बच्चूच राहिला. लग्न राहून गेलं होतं. आता तर तो विषय काढायचंही लोकांकडून राहून जात होतं.

नोकरी मालवाहतुकीच्या कंपनीत, आणि तीही घरात बसून. दिवसभर किरकोळ कामं असायची. खरी लढाई सात ते नऊ. तेवढ्या वेळात दिवसभराच्या ऑर्डरी यायच्या आणि कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल, हे बच्चूने कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचं. नऊला गाड्या सुटायच्या. सर्व्हर होता दूरच्या शहरात, मुख्य ऑफिसात. तिथे जायला व्हीपीएन, म्हणजे घरच्या इंटरनेटमधून थेट ऑफिसात निघणारा एक बंदिस्त बोगदा. दुपारी या बोगद्यातून वरात गेली असती. सात वाजले की मुंगी अडकायची.

दोनदा गाड्यांना उशीर झाला, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"मला तुमच्या घरच्या इंटरनेटशी कर्तव्य नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा असं झालं, तर पुढच्या महिन्यापासून मुख्य ऑफिसात येऊन बसा. इथे लाइन उत्तम आहे."

मुख्य ऑफिस म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि कायमचा मुक्काम. आई या घरातून हलायची नाही. "मला इथून चौघंच हलवतील," हे तिने बऱ्याच आधी जाहीर करून ठेवलं होतं. म्हणजे गेला तर बच्चू एकटा जाणार आणि आई इथे एकटी राहणार. या विचाराने त्याची झोप उडाली होती. दिवसाही तो पेंगत असे.

इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन गेला. आला सकाळी अकराला. दाताच्या डॉक्टरच्या दारात ठणका थांबावा, तशी लाइन एकदम गुणी झाली. "स्पीड तर झकास आहे तुमचा," असं म्हणून त्याने राउटर एकदा बंद करून चालू केला, चहा घेतला आणि गेला.

शेवटी बच्चूने ऑफिसच्या संगणक विभागात फोन लावला. तिथल्या मुलीच्या आवाजात जन्माचा थकवा होता.

"घरात नेट आणखी कोण वापरतं, काका?"

"कुणी नाही. आई आहे, पण ती काही डाउनलोड वगैरे करत नाही."

"डाउनलोडचं नाही विचारत मी. अपलोड. घरातून बाहेर काय जातंय?" तिने सुस्कारा सोडला. "असं बघा. घरात येणारा रस्ता रुंद असतो, बाहेर जाणारा बोळ असतो. तुमची एन्ट्री त्या बोळातून जाते. सर्व्हरने काही पाठवलं, तर ते मिळाल्याची पोचही त्याच बोळातून जाते. पोच अडकली, की सर्व्हर पुढचं पाठवायचं थांबतो. म्हणजे येणारा रस्ता मोकळा असून उपयोग नाही. त्यात संध्याकाळी अख्खी इमारत घरी येते, बोळ आधीच भरलेला. त्यात तुमच्या घरातून कुणी हत्ती बाहेर काढत असेल, तर तुमचं व्हीपीएन त्याच्या शेपटीमागे उभं राहणार."

"आमच्याकडे हत्ती नाही," बच्चू म्हणाला.

"शोधा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हत्ती स्वयंपाकघरात सापडला. आई टेबलाशी बसून मटार सोलत होती. समोर साखरेच्या डब्याला टेकवलेला तिचा मोबाइल, आणि मोबाइलमध्ये मावशी. मावशी तिच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"आई, हे काय चाललंय?"

"कुठे काय? बसलोय."

"रोज बसता अशा?"

"रोज. तुझे काका गेल्यापासून संध्याकाळी घर अंगावर येतं तिच्या."

"मग बोलत का नाही?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली आणि अभिमानाने मुलाकडे पाहिलं. "तूच मागे म्हणालास ना, नेट पुरत नाही म्हणून. त्या दिवसापासून आम्ही बोलणंच बंद केलंय. नुसत्या बघतो. म्हटलं, तुझ्या कामाला तेवढंच वाचेल."

मोबाइलमधून मावशीने मान डोलावली. काटकसर म्हणून बोलली मात्र नाही.

"आणि हे किती वेळ चालतं?"

"आधी बोलायचो तेव्हा अर्ध्या तासात विषय संपायचे," आई म्हणाली. "न बोलता काय, कितीही वेळ बसता येतं. सातला बसतो, ते तुझं काम आटपेपर्यंत."

बच्चू स्टुलावर बसला.

"आई, सगळं उलटं आहे. बोला हवं तेवढं. बघू नका. चित्र जड असतं, बोलणं हलकं."

"बोलणं हलकं?" आईने विचारलं. "तुझ्या मावशीचं?"

तरी तिने ऐकलं. कॅमेरा बंद झाला, गप्पा सुरू झाल्या, अर्ध्या तासात विषय संपले. दोन दिवस गाड्या वेळेवर सुटल्या आणि बच्चू जेवताना गुणगुणू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मावशी, हातात बॅग. आत आली ती बहिणीचा हात धरून तिला थेट खिडकीशी घेऊन गेली आणि हनुवटी धरून चेहरा दोन्ही बाजूंनी वळवून पाहिला.

"पडलीबिडली नाहीस ना कुठे?"

"मी कशाला पडू?"

"अचानक कॅमेरा बंद. विचारलं की म्हणतेस, बच्चूने सांगितलंय. मला वाटलं, तोंडाला लागलंय आणि हा लपवतोय." तिने बच्चूकडे असं पाहिलं, की आपण कुणाला ढकललं तर नाही ना, अशी त्याला स्वतःचीच शंका आली. "आता आलेच आहे तर राहते थोडे दिवस."

बच्चूला मनातून बरंच वाटलं. दोघी बहिणी एका छताखाली, म्हणजे फोनचं कारणच संपलं. संध्याकाळी तो प्रसन्न मनाने कामाला बसला. पहिली ऑर्डर गेली. दुसरी निम्मी गेली आणि चक्र फिरायला लागलं.

स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला आता मावशीचा मोबाइल टेकवला होता. दोघी त्याच्यापुढे खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मोबाइलमध्ये मावशीची शेजारीण, आणि तिच्या मांडीवर मावशीची मांजर.

"मी दिसल्याशिवाय ती खात नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, तिला तुम्ही बघा ना. तुमचा कॅमेरा तेवढा बंद ठेवा."

"अरे, मला कुठे तिला बघायचंय? तिला मला बघायचंय."

बच्चूने घड्याळाकडे पाहिलं. "पण खायला इतका वेळ?"

"वय झालंय रे तिचं. दोन घास खाते, मग बसते."

म्हणजे दोन बहिणींचे दोन चेहरे त्या चिंचोळ्या बोळातून एका मांजरीच्या भेटीला निघाले होते आणि त्यांच्यामागे कंपनीचे ट्रक ताटकळत होते. बच्चू हात जोडून बंद करा म्हणेपर्यंत साहेबांचा फोन आलाच. आज उशीर झाला तो झाला, उद्याचा दिवस शेवटचा, असं साहेब फार शांतपणे म्हणाले. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला बाहेरगावी पाठवतील, आई," बच्चू फोन ठेवून म्हणाला.

आईचा हात मटारांत तसाच राहिला. मावशी मात्र विचार करायला फार वेळ घेणाऱ्यांतली नव्हती.

"एवढंच ना? माझ्या घराची किल्ली घे. नेट आहे, घर रिकामं आहे. तिथे बसून कर काम. मांजरीलाही माणूस होईल."

"आणि जेवण?" आईने विचारलं.

"डबा दे त्याला."

तर अशा रीतीने, आईजवळ राहता यावं म्हणून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बच्चू आईला सोडून डबा आणि लॅपटॉप घेऊन बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. नोकरी माणसाला काय काय करायला लावते.

मावशीच्या घरी व्हीपीएन वाऱ्यासारखं धावलं. नऊला बराच अवकाश असताना शेवटची ऑर्डर चढली. साहेबांनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. बच्चूने लॅपटॉप मिटला. फ्रिज घरघरत होता, थोड्या वेळाने तोही थांबला. मांजरीने एकदा त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि ती पलंगाखाली गेली. डबा उघडून बच्चू उभ्याउभ्याच जेवला. बसावं असं त्या घरात काही वाटेना. इतकी वर्षं आपण एकटे आहोत असं लोकांना सांगत आलो, ते खोटं होतं, हे त्याला तिथे कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

पुढच्या दिवशी तो पुन्हा वेळेवर येऊन बसला. सात वाजले, ऑर्डरी यायला लागल्या. चार-पाच चढवल्या असतील, नसतील, तोच त्याने मोबाइल उचलला, नंबर लावला आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. पडद्यावर आईचं कपाळ आलं, मग सगळी आई, मग शेजारी मावशी.

"काय रे, अडलं का काम?" आईने विचारलं.

"नाही."

"मग फोन?"

"असाच. तुमचं चालू द्या."

आईने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मोबाइल नीट उभा केला आणि ती कामाला लागली. मावशीने खूण करून विचारलं, बोलायचं की नाही? बच्चूने खांदे उडवले. लॅपटॉपवर चक्र फिरायला लागलं. एक एन्ट्री चढायची, एक रेंगाळायची. बच्चू थांबायचा, पडद्यातल्या दोघींकडे बघायचा, पुन्हा पुढची टाकायचा. शेवटची ऑर्डर गेली, तेव्हा नऊ वाजतच होते.

लगेच साहेबांचा फोन. "गाड्या सुटल्या. पण काल कसं लवकर झालं होतं, आज अगदी काठावर. लाइन पुन्हा बिघडली का?"

"नाही साहेब," बच्चू म्हणाला, "काल घरी कुणी नव्हतं."