बारावं सुकेळं

गोखिवऱ्याला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या जितेशने शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच्या फ्रिजला चिकटपट्टी लावली. एक आडवी, दोन उभ्या. बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला, खाऊची बरणी कपड्यांच्या कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली जितेशच्या खिशात गेली. मग तो शेजारच्या दोन्ही फ्लॅटांत जाऊन हात जोडून आला. "उद्या सकाळी आठपर्यंत फोडणी नको, प्लीज. आमच्या विघ्नेशचं ऑपरेशन आहे." शेजारी भले लोक. त्यांनी लगेच कबूल केलं. खालच्या मजल्यावर ही बातमी पोचेपर्यंत तिला इतकी धार चढली, की तिथल्या बाईंनी म्हणे मिरच्यांची बरणीसुद्धा गादीखाली लपवली.

एवढा बंदोबस्त उगाच नव्हता. अडीच वर्षांच्या विघ्नेशला हर्निया होता. रडला की जांघेत लिंबाएवढी गाठ वर यायची, आणि ती बघून विनिता, म्हणजे त्याची आई, हातातलं काम टाकून धावायची. ऑपरेशन छोटं, सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं. पण तारीख दोनदा हुकली होती. एकदा सर्दीने, एकदा तापाने. सर्जन माणिकपूरच्या त्या हॉस्पिटलात महिन्यातून दोनच शनिवार यायचे आणि बाराच्या ठोक्याला निघून जायचे. भूल देणाऱ्या डॉक्टर एलिसांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, "रात्रीच्या जेवणानंतर पोटात कणभरही नको. आठपर्यंत साधं पाणी चालेल. भुलीत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं. मी धोका घेत नाही. काही खाल्लेलं कळलं, तर त्याच पावली घरी."

हे ऐकून दुसरा बाप नुसता काळजीत पडला असता. जितेश भारावला. त्याला भारावायला तसंही फार लागत नाही. त्याने त्रेचाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या माझं लेकरू उपाशी. त्याच्या पोटात घास जात नाही, तोवर बापाच्याही जाणार नाही.' दहा मिनिटांत एकेचाळीस नमस्कार आले. एका मावसभावाने रडणारा चेहरा पाठवला.

"तू नुसतं जेवण सोडतोयस," त्याची आई सरलाबाई म्हणाल्या. "मी पाण्याचा थेंब घ्यायची नाही."

"मी चहा-चपाती खाणार," विनिता म्हणाली. "बाथरूमचं दार लावून खाईन, पण खाईन. दिवसभर त्याला कडेवर कोण घेणार आहे?"

मायलेकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती देवळात चप्पल घालून आली होती.

आता एवढ्या बंदोबस्तातून एकच गोष्ट निसटली. सरलाबाईंचं माहेर आगाशीच्या वाडीतलं. तिथून त्यांच्या वहिनीने, वसुंधराबाईंनी, खास नातवासाठी सुकेळी पाठवली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची, बोटाला चिकटणारी. वसुंधरावहिनी एकेक सुकेळं वेगळं, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळतात. मोजून बारा. "शुद्धीवर आला की पहिला घास माझ्या माहेरचा," असं म्हणून सरलाबाईंनी ती हॉस्पिटलच्या पिशवीत, टॉवेलच्या खाली ठेवली होती. हॉस्पिटलच्या सामानाला चिकटपट्टी लावायचं जितेशला सुचलं नाही.

शनिवारी पहाटे पाचला जितेश आंघोळ करून, कपडे घालून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. आदल्या रात्री तो शपथेच्या भरात अर्धपोटी उठला होता. समोर तीन पट्ट्यांचा फ्रिज. बंद फ्रिज बघून माणसाला जेवढी भूक लागते तेवढी उघडा बघून लागत नाही. त्यात पायाजवळच्या पिशवीतून वास यायला लागला. त्याचं म्हणणं असं, की हात आपोआप गेला. असेलही. आगाशीच्या सुकेळ्याच्या वासाने आमच्या ओळखीतला एक माणूस लग्नाच्या बोहल्यावरून उतरला होता, तिथे जितेशचं काय!

अर्धं सुकेळं पोटात गेलं आणि सरलाबाईंच्या खोलीतून खोकला आला. जितेशने सोललेलं पान हाताला लागेल तिथे कोंबलं. हाताला लागला विघ्नेशचा पिवळा डंपर. उरलेलं अर्धं रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात गेलं.

साडेसातला सगळे शत्रुघ्नच्या रिक्षात बसले, विघ्नेश डंपर कवटाळून. शत्रुघ्न नेहमीचा रिक्षावाला.

"शत्रुघ्नभाई, खाने का कुछ दिखना नहीं चाहिए. बेकरी, वडापाव, कुछ भी नहीं. वैसे रास्ते से लो," जितेश म्हणाला.

शत्रुघ्नने मागे वळून पाहिलं. "साहेब, वसईत असा रस्ता नाय. असला तर मला पण दाखवा."

शेवटी जितेशने मुलाच्या डोक्यावर टॉवेल धरला. पुलावरून उतरताना टॉवेलच्या आतून आवाज आला, "वडा!"

"नाकाने ओळखतंय," सरलाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्याकडचं नाक आहे."

हॉस्पिटलात सिस्टर फ्लॉसींनी फाइल उघडली. वसईच्या गावातल्या, पस्तीस वर्षं नोकरी झालेल्या बाई. त्यांना आईबापांची भीती वाटत नसे, आईबापांना त्यांची वाटे.

"पेशंटने काय खाल्लाय?"

"काहीच नाही!" जितेश छाती काढून म्हणाला. "मी स्वतः जबाबदार आहे."

"पानी?"

"साडेसहाला, अर्धा कप."

"चांगला बाप आहे," असं म्हणून सिस्टरांनी विघ्नेशला हॉस्पिटलचा हिरवा झगा चढवला. त्यात तो एखाद्या बुटक्या महंतासारखा दिसत होता. इतक्यात डॉक्टर एलिसा आल्या. त्यांनी त्याच्या तोंडात टॉर्च मारला. "आ कर. शाब्बास." छाती तपासली. खूश होऊन विघ्नेशने त्यांना आपला डंपर दाखवला, आणि डंपरने जे करायचं असतं ते करून दाखवलं. ट्रॉली वर गेली आणि केळीचं वाळकं पान डॉक्टरांच्या बुटावर पडलं.

जितेशचा हात खिशातल्या रुमालावर गेला.

"अगंबाई," सरलाबाई खाली वाकल्या, "हे तर सुकेळ्याचं पान." त्यांनी पिशवी ओढली, टॉवेल काढला, सुकेळी कॉटवर मांडली आणि मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

डॉक्टर एलिसा गुडघ्यावर बसल्या. "विघ्नेश, तू केळं खाल्लंस?"

"हो," विघ्नेश म्हणाला.

"आणखी काय खाल्लं?"

"बस."

"बस?"

"लाल बस."

"पोरं काय पन बोलतात, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "पन पान खोटं बोलत नाय."

"सॉरी," डॉक्टर उभ्या राहिल्या. "कधी खाल्लं माहीत नाही. सर बाराला निघतात. मी भूल देणार नाही. पुढची तारीख घ्या."

विनिता विघ्नेशच्या पोटावर हात ठेवून बसली, नेमका त्या गाठीच्या जागी. जितेशला तिचं ओरडणं सोसलं असतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या आणि जितेशच्या जिभेच्या मध्ये एकेचाळीस नमस्कार उभे होते. त्याने आधी दुसरी वाट धरली.

"उंदीर असेल!"

"चौथ्या मजल्यावर?" सरलाबाई म्हणाल्या. "आणि पान सोलून, घडी करून डंपरमध्ये ठेवणारा? त्याला नोकरीला ठेव."

"मग मामीने अकराच दिली असतील."

हे मात्र त्याने बोलायला नको होतं. माहेरच्या मोजणीवर बोट ठेवलेलं सरलाबाईंना खपत नाही. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो स्पीकरवरच असतो.

"वन्सं!" वसुंधरावहिनींचा आवाज पार ऑपरेशन थिएटरपर्यंत गेला. "बारा म्हणजे बारा! देवासमोर बसून मोजलीत. माझ्या हाताने बांधलीत. कोण म्हणतो अकरा? त्याला द्या फोन!"

जितेश फोनपासून दोन पावलं मागे सरला.

बाहेर सर्जन घड्याळ बघत असल्याचं वॉर्डबॉय सांगून गेला. विनिता मुलाच्या झग्याच्या नाड्या सोडायला लागली. पहिली सुटली. दुसरीला तिने हात घातला तेव्हा जितेशच्या तोंडून एकदम बाहेर पडलं, "मी खाल्लं."

विनिताचा हात नाडीवरच थांबला.

"सुकेळं. मी खाल्लं. पहाटे पाचला. पान मीच डंपरमध्ये टाकलं."

सरलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बाप आहे हो, बाप! लेकरासाठी अंगावर घेतोय."

"आई, घेत नाहीये! खरंच खाल्लं!"

"जितेश, प्लीज," विनिता म्हणाली. "मला पण आजच व्हायला हवंय. पण त्याच्या जिवाशी खेळ नको. खोटं बोलू नकोस."

"अगं, खरं बोलतोय!"

"डॉक्टर, हे बघा," विनिताने फोन पुढे केला. "यांनी शपथ घेतली होती. काल रात्रीपासून पोटात काही नाही यांच्या."

डॉक्टर एलिसांनी मेसेज वाचला आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "दादा, तुमच्या भावना समजतात. दर महिन्याला एक तरी बाप असं म्हणतो."

माणूस खोटं बोलताना घामाघूम झालेला तुम्ही पाहिला असेल. खरं बोलताना जितेशइतका घाम आजवर कुणाला फुटलेला नाही. पॅसेजमधल्या पेशंटांचे नातेवाईक दारात जमले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर आत येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी जितेशने खिशात हात घालून रुमाल काढला. रुमाल उघडेना, सुकेळ्याने तो आतून चिकटला होता. सिस्टर फ्लॉसींनी कात्री आणली.

आत अर्धं सुकेळं होतं.

"पन अर्धा कोनी खाल्ला?" सिस्टरांनी ते चिमट्यात धरून उजेडात नेलं. "पोराच्या हातातून काढून घेतला असेल."

"दात बघा!" जितेश ओरडला. "माझे दात बघा!"

त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट आहे. शाळेत तो त्यातून शिटी वाजवायचा. सुकेळ्याच्या चावलेल्या कडेला बरोबर मधोमध एक उभा कंगोरा राहिला होता. डॉक्टर एलिसांनी टॉर्च पेटवला.

"आ करा."

जितेशने आ केला. डॉक्टरांनी सुकेळं बघितलं, फट बघितली, पुन्हा सुकेळं बघितलं. मग विघ्नेशचे दुधाचे दात बघितले. ते एकाला एक चिकटून, तांदळासारखे.

"हो," त्या म्हणाल्या. "वडिलांनीच खाल्लंय." आणि तोंड वळवून त्या बराच वेळ खोकल्या.

सिस्टरांनी फाइलमध्ये लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "पेशंट उपाशी. वडील खाल्लेले. इथे सही करा."

"माझी सही कशाला?"

"मग कोनाची? पेशंटची?"

जितेशने सही केली. म्हाताऱ्या गृहस्थांनी पाठीवरचा हात काढून घेतला.

दहा वाजून दहा मिनिटांनी विघ्नेश डंपर पोटाशी धरून आत गेला. दार बंद होताना त्याने वळून पाहिलं नाही. तेवढ्याने जितेश आणि विनिता दोघेही बाकावर मटकन बसले. मग विनिताने कॉटवरून कागदात गुंडाळून आणलेलं ते अर्धं सुकेळं काढलं आणि शांतपणे खाल्लं.

"अगं..."

"मी शपथ घेतली नव्हती," ती म्हणाली. मग तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. "पण सांगितलंस ते बरं केलंस."

पलीकडच्या खोलीत, उघड्या दारातून दिसणाऱ्या कॉटवर सरलाबाई पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसल्या होत्या.

"आई जप करतेय," जितेश हळूच म्हणाला.

पाऊण तासाने सर्जन बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. आणखी काही वेळाने विघ्नेशने डोळे उघडले, थोडा रडला, पाणी प्यायला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "भूक." डॉक्टर एलिसांनी तपासून मान हलवली. "आता द्या मऊ काहीतरी."

पहिला घास माहेरचा. विनिताने सासूबाईंच्या मांडीवरून पिशवी अलगद काढून घेतली आणि सुकेळी बाहेर मांडली. एक तिने सोलायला घेतलं, आणि थांबली. उरलेली मोजली. नऊ. हातातलं एक धरून दहा.

"सकाळी अकरा होती ना?"

सगळ्यांनी जितेशकडे पाहिलं. "मी नाही!" त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "शप्पथ..." आणि तो शब्द त्याने अर्ध्यावर गिळला.

एवढ्यात डॉक्टरांच्या खिशातला टॉर्च विघ्नेशच्या हाती लागला होता. सकाळपासून जो येईल तो त्याच्या तोंडात बघत होता. आता त्याची पाळी होती. "बाबा, आ कर." जितेशने आ केला. "आई, आ कर." विनिताने आ केला. "शाब्बास."

टॉर्च आजीकडे वळला.

"आजी, आ कर."

सरलाबाईंनी मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले होते. एक गाल दुसऱ्यापेक्षा जरा भरलेला होता.

"आजी! आ!"

"म्हं," सरलाबाई म्हणाल्या आणि छताच्या पंख्याकडे बघू लागल्या.

सिस्टर फ्लॉसींनी फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.