मागच्या बाकावरचे पिंगळे सर

“कॉलेजला जायचं नाही असं ज्यांनी पक्कं ठरवलंय, त्यांनी हात वर करा.”

कुठल्याही शाळेतल्या बारावीच्या वर्गात शिरलं की पिंगळे सरांचं हे पहिलं वाक्य. वास्तविक आम्ही दोघं तिथे कॉलेजसाठी मुलं मिळवायला गेलेलो असायचो. कामरेजच्या पुढे, हायवेला लागून आमचं खाजगी कॉलेज. थंडी सरता सरता आम्हाला सुरतच्या शाळांमधून फिरवायचे. दोन-चार हात वर जायचे. सर खूश होऊन तडक मागच्या बाकावर त्या मुलांच्या शेजारी जाऊन बसायचे आणि मला म्हणायचे, “मॅडम, बाकीचे तुमचे. ते कुठे ना कुठे जातीलच.”

बाकीच्यांना मी माझं प्रेझेंटेशन दाखवायची. या प्रेझेंटेशनचा मला फार अभिमान होता. लग्न होऊन नाशिकहून सुरतेला आले तेव्हा एमबीएची पदवी आणि एक काळा कोट एवढाच माझा ऐवज. तो कोट मी भर उन्हातही काढत नसे. एका शाळेत प्रिन्सिपॉलनी ‘विमा कंपनीच्या ताई’ अशी माझी ओळख करून दिली, त्याला कारण तो कोटच. प्रोजेक्टर असला तर वायर नसायची, वायर असली तर वीज नसायची. मग मी हातवारे करून कॅम्पस दाखवायची. शेवटी “काही प्रश्न?” म्हटलं की एखादा नाश्त्याची चौकशी करायचा, “कॅन्टीनमध्ये लोचो मिळतो का?” तेवढ्यात मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज यायचा. तिकडे मुलं सरांना आपल्या घरचं सगळं सांगत असायची.

पिंगळे सर मूळचे धुळ्याकडचे. आमच्या ऑफिसात क्लार्क होते. उधना, लिंबायत, कोसाड इथल्या खानदेशी वस्त्यांमध्ये त्यांची ओळख, म्हणून त्यांना ॲडमिशनच्या कामाला जुंपलं होतं. पत्नी काही वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटेच राहत. “शांती राखा” हे त्यांचं पालुपद. गाडी पंक्चर झाली, डायरेक्टर ओरडले, मी रडकुंडीला आले, सगळ्यावर तेवढंच. “शांती राखा, मॅडम.” ते ऐकून माझी असेल नसेल ती शांतीसुद्धा जायची.

त्या वर्षी एका मराठी शाळेत हर्षदा नावाच्या मुलीनं हात वर केला. वर्गात पहिली येणारी मुलगी. शिक्षक चकित झाले. सरांनी बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात गप्पा मारल्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले की रविवारी हिच्या घरी जायचं.

घर कोसाडला, वसाहतीत वरच्या मजल्यावर. वडील लूमवर कामाला, आई घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायची. मी लॅपटॉप उघडला. लॅब, हॉस्टेल, नोकऱ्या, सगळं दाखवलं. वडिलांनी शेवटपर्यंत मन लावून पाहिलं आणि मग अतिशय आदरानं विचारलं, “ताई, तुम्ही काय इकतस?”

म्हणजे मी नेमकं विकते काय, हेच त्यांना कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही नीट सांगता आलं नसतं. मी लॅपटॉप मिटला.

सर मात्र अहिराणीत गावाकडच्या पावसापाण्याचं बोलत बसले. चहा प्यायले. कॉलेजचा विषयसुद्धा काढला नाही. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या खेपेला हर्षदाची आईच म्हणाली की पोरगी हुशार आहे ते आम्हालाही दिसतं, पण दोन बस बदलून एवढ्या लांब एकटी कशी पाठवू? सर याचीच वाट बघत होते. त्यांनी सांगितलं की आमच्या कॉलेजच्या बरंच अलीकडे एक मुलींचं कॉलेज आहे, सकाळचं असतं, एकाच बसनं जाता येतं, आणि तुमच्या खालच्या मजल्यावरची मुलगीही तिथेच जाते. आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. हर्षदा पटकन स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली, पण ती हसतेय ते मला दिसलं.

जिना उतरताना मी म्हटलं, “सर, ते आपलं कॉलेज नाही.”

“पोरगी तर आपली आहे ना,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनी आम्हाला उभं करून विचारलं की आपल्या पेट्रोलवर दुसऱ्यांची ॲडमिशन करायची योजना नेमकी कोणाची. सर काही बोलण्याआधीच मी “माझी” म्हणून टाकलं. हे शौर्य नव्हतं. त्यांनी ‘शांती राखा’ म्हटलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती, एवढाच माझा हिशेब.

त्या दुपारी चलथाणकडच्या शाळा करून आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. जेवण राहून गेलं होतं. सरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचे सगळे फोन जाहीर असतात. त्यांची मुलगी छाया, नंदुरबारहून. इकडचं तिकडचं झालं आणि सर जरा घाईघाईनं म्हणाले, “छाया, मुक्त विद्यापीठाचे प्रवेश सुरू होतील आता. घरी बसून करता येतं.”

“बाबा, दरवर्षी काय तेच? पोरं मोठी झाली माझी. आता शिकून काय करू?”

घरोघर आई-बापांना वळवणारा हा माणूस ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला.

“जेवलात का?” छायानं विचारलं.

“हो, जेवलो ना.”

“बरं. पुढच्या वर्षी बघू,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सर आपणहून बोलले. “बारावीला चांगले मार्क होते तिला. मीच लग्न लावून दिलं. स्थळ चांगलं होतं. अजूनही चांगलंच आहे, जावयाला नावं ठेवायला जागा नाही.”

मी दोन खारी मागवल्या आणि एक त्यांच्यापुढे सरकवली. ती त्यांनी चहात बुडवली, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“पण बघा मॅडम,” ते म्हणाले, “नाही म्हणाली नाही.”