घरातला शिंगाळा

धरणाचं पाणी चढलं आणि शेलवंडी गाव बुडालं, तेव्हापासून गेनबा नगरे यांच्या जुन्या घरात शिंगाळ्यांचं एक कुटुंब भाड्याने राहतं.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शिंगाळा हा लांब मिशांचा, तळाशी राहणारा मासा. त्याला गाळ लागतो आणि डोक्यावर आडोसा लागतो. गाव वर माळावर उठून आलं तेव्हा पहिल्याच ग्रामसभेत ठरलं, की घर पाण्यात गेलं म्हणून मालकी जात नाही. जो राहील त्याने भाडं द्यावं. शिवाय ज्याचं घर, त्याच्या वरच्या पाण्यात गळही त्यानेच टाकावा. दुसऱ्याच्या छपरावर गळ सोडला तर ती घरफोडी.

गेनबा दर रविवारी होडी नेऊन आपल्या माजघरावर उभी करी आणि गळ खाली सोडी. भाडेकरू त्याला एक ताजी चिलापी मासळी अडकवून दोरीला हिसका देई. भाडं कधी चुकलं नाही. असा भाडेकरू पुण्यातसुद्धा मिळायचा नाही, असं गेनबाची बायको हौसा सगळ्यांना सांगे.

अडचण आली ती वैजूमुळे. वैजू ही त्यांची एकुलती एक लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आल्या आल्या तिला शिंगाळ्याच्या रश्श्याचे डोहाळे लागले. हौसाने हौसेने बाजारातून शिंगाळा आणला, खोबरं भाजून घसघशीत कालवण केलं. वैजूने नाकाला पदर लावला.

"ह्यो न्हाय. आपल्या घरातला पायजे."

"घरात भाडेकरू हाईत, बाई," गेनबा म्हणाला.

"मला काय म्हाईत न्हाय व्हय?" म्हणून ती रडायलाच लागली.

भाडेकरू खाऊ नये, एवढं गेनबाला कळत होतं. पण डोहाळे पुरवले नाहीत तर जन्मणाऱ्या बाळाचा कान फुटतो, हेही त्याला माहीत होतं. पहिलंवहिलं नातवंड, आणि कान फुटका! त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी त्याने गळ सोडलाच नाही. वल्ह्याने पाण्यावर हलकेच थोपटलं. थोड्या वेळाने भाडेकरू वर आला.

"मालक, काय चुकलं का?"

गेनबाने मान खाली घालून सगळं सांगितलं. भाडेकरूच्या मिशा पाण्यावर लोंबत राहिल्या.

"बाजारचा चालत न्हाय?"

"न्हाय."

"मग अवघड हाय. डोहाळं अडवू नयेत. लेकराचा कान फुटतो."

"तेच की."

भाडेकरूने विचार केला. "माजघराच्या कोपऱ्यात आमची अंडी हाईत. वैजूताईंच्या वक्ताला तुमच्या मालकिणीची बाज जिथं हुती, तिथंच. आमच्यात अंडी बापानं राखायची असत्यात. पिल्लं हिंडाफिरायला लागू द्या. त्याच्या पुढच्या रविवारी मी सोता येतो."

वैजूच्या जन्माच्या वेळी गेनबाला दाराबाहेर बसवलं होतं. आतून हौसाचं कण्हणं ऐकू येई आणि हा नुसता गवत उपटत बसलेला. या माशाला आत बसायला मिळालं. गेनबाला त्याचा हेवा वाटला.

घरी येऊन त्याने निरोप सांगितला. नंतरच्या दिवसांत वैजूने रश्श्याचं नाव काढलं नाही; एकदाच विचारलं, "अंडी आपल्याच कोपऱ्यात हाईत का?"

तो रविवार आला. हौसा नको नको म्हणत असताना वैजू पोट सावरत होडीत बसली. गेनबाने गळ सोडला. हिसका बसला, आणि दोरी ओढली तर भाडेकरू स्वतः गळ तोंडात धरून वर आला.

"उशीर झाला," तो म्हणाला. "धाकटं देवळीत अडकलं हुतं."

"निघालं?" वैजूने विचारलं.

"निघालं. आता समदी सुखरूप हाईत. चला."

वैजू त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे गेनबाला दिसलं आणि माशालाही.

"बाबा, गळ काढा."

"आगं, आन् डोहाळं?"

"फिटलं."

"ताई, लेकराचा कान..." भाडेकरू म्हणाला.

"वाहिला तर तेल सोडीन. तुमी घरी जावा. पोरं वाट बघत असतील."

गेनबाने गळ काढला. भाडेकरू थोडा वेळ होडीपाशीच घुटमळला, मग खाली गेला.

वैजूला मुलगी झाली. नाकीडोळी नीटस आहे. डावा कान तेवढा थोडा वाहतो. हौसा लसूण घालून कडवलेलं तेल सोडते आणि कुणालाही बोल लावत नाही. मुलगी झाल्यानंतरच्या एका रविवारी भाडेकरूने चिलापी अडकवायच्या आधी वर येऊन विचारलं, "कान?"

गेनबाला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "जरासा वाहतो," तो म्हणाला.

तेव्हापासून गळाला दोन चिलाप्या येतात. गेनबा दुसरी परत सोडायला जातो, तर खालून दार लावून घेतल्याचा आवाज येतो.