भय्याजींची जोडी आणि एक पॉइंट दहा

"यंदाच्या मंडईत शंकरपट होईल, अन् तोही टीव्हीवर!"

तेजरामनं सानगडीच्या चहाटपरीवर असं जाहीर केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या बशा ओठाशीच थांबल्या. "धूळ नाही, कासरा नाही! बटण दाबा अन् बैल पळवा!"

साल होतं सत्त्याऐंशी, आणि मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, तोंडावर आली होती. तेजराम लाखनीत रेडिओ दुरुस्त करायचा. नागपूरहून त्यानं टीव्हीला जोडायचा एक जुना, छोटा कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर पटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, खेळ स्वतः रचला होता. खेळ साठवायचा साध्या कॅसेटवर आणि टेपरेकॉर्डरनं यंत्रात भरायचा. भरताना असा आवाज निघे, जणू मांजराच्या शेपटीवर खाटेचा पाय ठेवून वर चार पाहुणे बसवलेत!

खेळात रोज नवी खोड निघे. तेजराम ठिगळ लावी आणि नव्या कॅसेटवर पुढचा नंबर टाकी. १.१, १.२ करत गाडी १.९ वर आली. १.९ मध्ये डावीकडची जोडी ऐन शेवटच्या रेषेपाशी गर्रकन फिरायची आणि घरचा रस्ता धरायची. ती खोड काढून त्यानं नव्या कॅसेटवर झोकात लिहिलं, १.१०. नवाच्या पुढं दहा! २.० म्हणायला खेळ अख्खा नवा लागतो, हे तर ठिगळच होतं.

मंडईच्या दिवशी खेळाबरोबर त्याचीही परीक्षा होती. कृष्णराव गुरुजी मुलगा पाहायला येणार होते. गुरुजींची मंगला तेजरामला पसंत होती, आणि मंगलालाही तो नापसंत नव्हता. सोयरीक सुचवली होती तिच्या मामांनी, भय्याजींनी. या भय्याजींची बैलजोडी तालुक्यात नावाजलेली. बायकोला कोणी बोललं तर ते ऐकून घेत. बैलांना बोललेलं खपत नसे.

दुपारी मांडवात टीव्ही मांडला, गर्दी जमली आणि वायरीतून ठिणग्या उडाल्या! तेजरामनं पक्कड उचलली.

"गुरुजी, मी वायर पाहून येतो. तवर त्या दोन कॅसेटींपैकी मोठ्या नंबरची टेपात घाला अन् बटण दाबून ठेवा."

गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही कॅसेटी पाहिल्या. १.९ आणि १.१०! हसले आणि मोठी कॅसेट टेपात घातली.

तेजराम परतला तेव्हा पडद्यावर दोन जोड्या उभ्या होत्या आणि भय्याजींचं बोट बटणावर होतं. सगळं कसं छान! तेवढ्यात त्याची नजर टेबलावर गेली. १.१० ची कॅसेट तिथंच पडली होती.

म्हणजे टेपात १.९! खेळ बंद करावा, तर वीज गेली समजून लोक बोंबलणार. चालू ठेवावा, तर भय्याजींची जोडी डावी!

"भय्याजी," तो कानाशी लागला, "तुम्ही उजवी जोडी घ्या ना."

"कायले? माझी जोडी सदा डावीकडूनच पळते!"

"नाही म्हणजे... डावी जोडी जराशी..."

"जराशी काय?"

घामाघूम तेजरामच्या तोंडून निघून गेलं, "बिमार आहे!"

मागच्या माणसानं तेवढंच ऐकलं. तिथून वाक्य सुटलं ते वणव्यासारखं! भय्याजींची जोडी बिमार आहे. खुरीचा रोग झाला. गोठ्यातली सगळी जनावरं बसली! मिठाईच्या दुकानापाशी पोहोचेपर्यंत एक बैल मेलासुद्धा. लोकांनी आपापले बैल सोडून गावाबाहेर हाकलले. धुरपताबाई, म्हणजे तेजरामची माय, पदर डोळ्यांना लावून धावत आली. "भय्याजी, लई गुणी होता जी बैल!"

"कोन्ता बैल?" भय्याजी किंचाळले, आणि त्या धक्क्यानं बटण दाबलं गेलं.

जोड्या सुटल्या! डावी पुढं, आणखी पुढं, रेषा हातभर राहिली... आणि गर्रकन फिरून घराकडे!

मांडव हसण्यानं हलला. कोणीतरी ओरडलं, "मयतीले चालले जी!"

भय्याजी उठले. चेहरा तांबड्या मिरचीसारखा. "सोयरीक मोडली!"

"पण भय्याजी, ती जुनी कॅसेट आहे! मोठ्या नंबरची लावायची होती!"

"मोठीच लावली," गुरुजी म्हणाले. "एक दशांश नऊ मोठा. एक दशांश दहा म्हणजे एक दशांश एक. शेवटच्या शून्याले किंमत नसते. का मी चुकलो?"

तेजरामला समोर विहीर दिसली आणि मागं आड. गुरुजी चुकले म्हणावं, तर सासरा जातो. बरोबर म्हणावं, तर खेळ जातो, आणि मामा तर गेलेलेच.

"गुरुजी, तुमचं गणित बरोबरच आहे," तो कसाबसा म्हणाला. "पण हे गणित नाही जी. ही मोजणी आहे. नवव्यांदा दुरुस्त केलं, मंग दहाव्यांदा."

"मंग टिंब कायले देल्लं?"

वडिलांबरोबर आलेली मंगला पुढं झाली. "बाबा, पुस्तकात पहिल्या भागाचा नववा धडा झाला की दहावाच येते ना? दहावा काही पहिल्याच्या बाजूले नाही जात."

गुरुजींनी टेबलावरची कॅसेट उचलून तेजरामच्या हाती दिली. मग म्हणाले, "लाव तुझा दहावा धडा."

मांजर पुन्हा केकाटलं. तेजरामनं मनात ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हात जोडले. जोड्या सुटल्या. डावी जोडी तीरासारखी गेली आणि रेषेपार! भय्याजींनी फेटा उडवला, तेजरामला मिठी मारली, "जवाई" म्हटलं. गुरुजींनी हसून मान डोलावली. धुरपताबाई पुन्हा रडली, या वेळी कारण होतं. तेजरामच्या जिवात जीव आला.

पण मांडवात टाळी पडेना. लोक जांभया देत होते.

"सरळ तं आमचेही बैल पळतात," मागून एक म्हातारी म्हणाली. "त्याच्यात काय पाहावं? घरी पळते थे लाव ना, बापू!"

आणि रांग लागली. संध्याकाळपर्यंत तेजराम १.९ चीच कॅसेट लावत बसला होता. रांगेत सर्वांत पुढं, आपली जोडी उजवीकडं घेऊन, भय्याजी!