ओळीत उगवलेलं तण

शिंप्यानं खडूची खूण केली, की तिथं कात्री चालवायची. मास्तरांचा हात चाळीस वर्षं हाच नियम पाळत आला होता. म्हणून रविवारी ओढ्याकाठी लाल चिंधी बांधलेली त्रेचाळीस रोपं त्यांनी मुळासकट उपटली आणि सुखानं घरी येऊन चहा मागितला.

"अहो, पण खूण जपायच्या वस्तूला करतात," बायको म्हणाली. "टाकायच्या वस्तूला चिंध्या कोण बांधत बसतं? ओढ्यावरच्या त्या बाईंनी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"समोर खंड्या बसला होता गं. निळाशार. बुडी मारून मासा घेऊन वर आला, तोवर बाईंचं सांगून झालं. मी आपली मान डोलावली."

"मग आता फोन करून विचारा."

"आणि काय सांगू, ऐकलं नाही म्हणून? आमच्यातल्या वकिलांनी एक रोप तुडवलं, तर बाईंनी त्यांना दोन महिने कचऱ्याची पोती धुवायला बसवलं. मी त्रेचाळीस उपटलीत!"

जवळचं दिसेनासं झाल्यावर मास्तरांनी दुकान बंद केलं, तेव्हापासून दिवस नुसता खायला उठायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी ओढा साफ करायला बोलावलं आणि आठवड्याला पुन्हा रविवार आला. आता तोही गेला, की परत खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या बाह्या उसवलेल्या बघायच्या.

संध्याकाळी दोघं गुपचूप ओढ्यावर गेली. उपटलेला ढीग अजून ओलसर होता. मास्तर खड्डे करत, बायको रोपं लावत होती; चिंध्या तेवढ्या उपटताना सुटून ओढ्यातून वाहून गेल्या होत्या.

"टेप कशाला आणलीत?"

"दोन रोपांत वीतभर अंतर नको?"

"जीव जायची वेळ आली तरी तुमचं माप सुटायचं नाही!"

मग आठवडाभर पहाटे उठून पाणी. सोमवारी पानं माना टाकून पडली, तसे मास्तरही जेवणावरून उठले. गुरुवारी एक कोंब दिसला, तेव्हा दोन घास जास्त गेले. शनिवारी सगळी रोपं तरारली होती.

रविवारी मास्तर पोचले, तर सगळी मंडळी काठावर गोळा झालेली. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कुणी हात लावू नका! वीस वर्षांत असलं तण पाहिलं नाही मी. लाल चिंधीचं तण मास्तरांनी मुळासकट काढलं होतं, मी स्वतः पाहिलं. आठ दिवसांत परत हजर!"

मास्तरांना उमगलं. म्हणजे आधी केलं तेच बरोबर होतं!

"आणि तेही ओळीत," मंडळींतले इंजिनिअर खाली वाकले. "नवीन जात दिसते. काठ बंद करून तज्ज्ञांना बोलवायला हवं. तीन-चार महिने तरी इथं कुणी फिरकायचं नाही."

"बंदच करू," बाई म्हणाल्या.

तीन-चार महिने! मास्तरांना समोर खिडकी दिसली.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "जात-बीत काही नाही. ती माझी शिलाई आहे." आणि खंड्यापासून टेपपर्यंत सगळं सांगून टाकलं.

कुणी हसेना. बाई ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.

"जगली किती?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस."

"आमची चांगली रोपं दरसाल निम्मी मरतात," बाई हळूच म्हणाल्या. "हे सगळं आत्ता उपटा. आणि उद्यापासून रोपवाटिका तुमची. रोज यावं लागेल."

"रोज?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"रोज. आता कान देऊन ऐका. पिवळी चिंधी असेल, तर—"

तेवढ्यात समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. मास्तरांनी घाईनं त्याच्याकडे पाठ केली आणि बाईंच्या तोंडाकडे टक लावली. बाई पुढं बोलेनात. बराच वेळ वाट पाहून मास्तर म्हणाले, "पिवळी असेल, तर काय, बाई?"

मागं पाण्यात चुबुक झालं.

"अं?" बाई म्हणाल्या. "पकडला बघा!"